क्वार्टरबॅकच्या हातातले अडीच सेकंद

प्रश्न असा आहे: भाचा न्यू जर्सीत आठवीत शिकतो आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात त्याला क्वार्टरबॅक व्हायचंय. हा गडी मैदानावर नेमकं करतो काय, इतरांपेक्षा कितीतरी जास्त पैसा त्यालाच का मिळतो, आणि टॉम ब्रेडीसारखा धावायला संथ असलेला खेळाडू २३ हंगाम कसा टिकला?

तिन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. क्वार्टरबॅक म्हणजे लांब चेंडू फेकणारा, असा बहुतेकांचा समज असतो. लांब फेकणारी मुलं अमेरिकेतल्या प्रत्येक तालुक्यात मिळतात. चेंडू हातात आल्यापासून साधारण अडीच सेकंदांत तो कुणाकडे जायला हवा हे ठरवून सोडून देणारी फार थोडी असतात. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये संघ ३२ आहेत, म्हणजे पहिल्या पसंतीच्या क्वार्टरबॅकच्या जागाही ३२च. त्या ३२ जागा भरतानासुद्धा दरवर्षी कित्येक संघांची तारांबळ उडते. ब्रेडीची सगळी कारकीर्द हे अडीच सेकंद आणखी कमी करण्यात गेली, आणि तो टिकला त्याचं मुख्य कारण तेच आहे. त्याच्या खाण्यापिण्याची चर्चा जास्त होते, पण ते कारण बरंच नंतरचं.

आधी मैदान. लांबी १०० यार्ड, दोन्ही टोकांना १० यार्डांचे एंड झोन (समोरच्यांच्या एंड झोनमध्ये चेंडू पोचवला की टचडाऊन), रुंदी ५३ यार्डांच्या किंचित वर. दोन्ही बाजूंना ११-११ गडी. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जातो. या प्रत्येक प्रयत्नाला डाऊन म्हणतात. एक डाऊन संपला की बहुतेक वेळा ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं आणि क्वार्टरबॅकचं खरं काम तिथूनच सुरू होतं.

त्याच्या हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर असतो. ओळख म्हणून हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका लावलेला असतो. प्रशिक्षक पुढची चाल त्या स्पीकरवरून सांगतो, पण घड्याळावर १५ सेकंद उरले की आवाज बंद होतो. त्यानंतर तो एकटा. चालीचं नाव आठ-दहा शब्दांचं असू शकतं: रचना कोणती, कोण आधी सरकणार, कोणी कुणाला अडवायचं, कोणता रिसीव्हर (पास झेलणारा गडी) कुठे धावणार आणि चेंडू कितव्या हाकेवर निघणार. हे सगळं त्याने घोळक्यात एकदाच, न अडखळता सांगायचं असतं. नवख्यांची पहिली चूक इथेच होते. शब्द आठवण्यात दहा सेकंद गेले तर डाव सुरू होतो त्या रेषेवर उभं राहून समोरचा बचाव वाचायला वेळच उरत नाही.

रेषेवर आल्यावर नजर सर्वांत आधी मागच्या दोन बचावपटूंवर जाते. त्यांना सेफ्टी म्हणतात. खोलवर मध्यभागी एकच उभा असेल तर मैदानाच्या दोन्ही कडा तुलनेने मोकळ्या मिळतात. दोघे खोलवर असतील तर मधला पट्टा उघडा राहण्याची शक्यता वाढते. मग तो एखाद्या रिसीव्हरला एका बाजूकडून दुसरीकडे चालत पाठवतो. समोरचा एक गडी त्याच्या मागोमाग गेला तर बहुधा माणसाला माणूस असा बचाव आहे. कुणी न जाता सगळे थोडे थोडे सरकले तर बहुधा जागेचा. कबड्डीत चढाई करणारा हात लावण्याआधी कोपऱ्यातल्या गड्याचे पाय बघतो, तसंच हे बघणं आहे: तोंडं फसवतात, पाय कमी फसवतात. अर्थात चांगला बचाव पायांनीही फसवतो. चेंडू निघाल्याबरोबर दोन सेफ्टींपैकी एक खाली धावत येतो आणि आधी केलेलं सगळं वाचन रद्द होतं. म्हणून आधी जे पाहिलं तो फक्त अंदाज धरायचा, आणि चेंडू हातात आल्याच्या पहिल्या क्षणी तो पुन्हा तपासायचा.

मग हिशेब. अडवायला पुढच्या रांगेतले पाच लाइनमन आणि एक रनिंग बॅक (एरवी चेंडू घेऊन धावणारा गडी) धरले तर सहा जण. समोरून सात जण चालून येण्याच्या बेतात दिसले तर एक जण मोकळा सुटणारच. त्या सातव्याला अडवणं कुणाचंच काम नसतं. तो पोचण्याआधी चेंडू सुटला पाहिजे, ही जबाबदारी क्वार्टरबॅकची. त्यासाठी एखादा रिसीव्हर आपली लांब धाव सोडून लगेच वळतो, त्याला हॉट म्हणतात. क्वार्टरबॅकने सातवा गडी पाहिला आणि रिसीव्हरने पाहिलाच नाही, तर चेंडू मोकळ्या गवतावर किंवा थेट शत्रूच्या हातात पडतो. पडद्यावर ही क्वार्टरबॅकची चूक दिसते. निम्म्या वेळा ती दोघांनी एकच चित्र न पाहिल्याची असते.

चेंडू हातात आला की पाय बोलायला लागतात. तीन पावलं मागे जाऊन सोडायचा पास दोन सेकंदांच्या आत गेला पाहिजे, पाच पावलांचा अडीचच्या आसपास, सात पावलांचा तीनच्या पुढे जातो. पावलं ही मोजपट्टी आहे. शेवटचं पाऊल टेकलं की पहिल्या रिसीव्हरचं उत्तर हो किंवा नाही यायला हवं. नाही आलं तर पुढे एक छोटी उडी आणि दुसरा रिसीव्हर, आणखी एक उडी आणि तिसरा. तरीही कुणी नाही मिळालं तर जवळच्या रनिंग बॅककडे चेंडू द्यायचा किंवा सीमारेषेबाहेर फेकायचा. कुठे बघू म्हणून डोळे भटकतात तेव्हा पायही भटकतात. पाय एका जागी थिजलेले दिसले की समजावं, याचं वाचन हरवलंय.

याचं पाठ्यपुस्तकात शोभेल असं उदाहरण ३ फेब्रुवारी २०१९चं आहे. सुपर बोल म्हणजे लीगचा अंतिम सामना, ब्रेडीचा संघ पेट्रियट्स विरुद्ध रॅम्स, शेवटचा क्वार्टर, ३-३ अशी बरोबरी. पेट्रियट्सनी सगळे धिप्पाड गडी मैदानात आणले, दोन रनिंग बॅक आणि दोन टाइट एंड (अडवणारे आणि पासही झेलणारे गडी). समोरच्यांना धावण्याचा डाव वाटला आणि त्यांनीही जड गडी ठेवले. मग पेट्रियट्सनी याच गड्यांना रुंद पसरवलं आणि लागोपाठ तीनदा एकच चाल खेळली. तिचं नाव हॉस वाय ज्यूक. बाहेरचे दोघे पाच-सहा यार्डांवर थांबून वळतात, आतले दोघे सरळ खोल धावतात आणि मधला एक जण समोरचा बचाव बघून डावीकडे किंवा उजवीकडे वळतो. पहिल्यांदा चेंडू मधल्या एडलमनला गेला, १३ यार्ड. दुसऱ्यांदा बर्कहेडला, ७ यार्ड. तिसऱ्यांदा खोल धावणाऱ्या ग्रॉन्कोव्स्कीला, २९ यार्ड. पुढच्या डाऊनला टचडाऊन. चाल एक, रिसीव्हर तीन, कारण बचावाने दर वेळी वेगळी जागा मोकळी सोडली. सामना १३-३ असा संपला. ग्रॉन्कोव्स्कीचा तो झेल सगळ्यांना आठवतो. शिकण्यासारखं खरं तर त्याच्या आधीच्या दोन पासांत जास्त आहे.

आता फेकणं. चेंडू ११ ते ११¼ इंच लांब आणि १४ ते १५ औंस वजनाचा, म्हणजे जवळपास ४०० ग्रॅम. करंगळी आणि अनामिका शिवणीवर, तर्जनी टोकाकडे, आणि तळहात व चेंडू यांच्यात थोडी फट. फेकण्याआधी चेंडू दोन्ही हातांत छातीशी धरायचा. पाय खांद्याइतके रुंद, वजन मागच्या पायाच्या आतल्या कडेवर. पुढचं पाऊल छोटं, अर्ध्या फुटाच्या आसपास. आधी कंबर वळते, मग खांदा, मग कोपर, शेवटी मनगट, आणि चेंडू सुटल्यावर अंगठा खाली जमिनीकडे येतो. कोपर खांद्याच्या पातळीखाली जाऊ द्यायचं नाही.

दोष ओळखायला चेंडू कुठे पडला ते पाहिलं तरी पुरतं. डोक्यावरून गेला तर पुढचं पाऊल फार लांब पडलंय, त्यामुळे अंग मागे राहिलं आणि चेंडू लवकर सुटला. रिसीव्हरच्या पायाशी आपटला तर कोपर खाली आलंय. सतत एकाच बाजूला जात असेल तर पुढचा पाय लक्ष्याकडे उघडलेला नाही आणि हात अंगाला आडवा ओढला जातोय. चेंडू हवेत डुगडुगत असेल तर पकड घट्ट आहे, तळहात चिकटलाय. आणखी एक सवय लहान पोरांमध्ये हटकून दिसते: फेकण्याआधी डाव्या हाताने चेंडूवर थाप मारणं. त्यात वेळेचा काही दशांश जातो, आणि पास येतोय हे बचावपटूला आधीच कळतं. चांगला फलंदाज गोलंदाजाचं मनगट वाचतो ना, तसे इथे बचावपटू क्वार्टरबॅकचा डावा हात आणि डोळे वाचतात. एकाच रिसीव्हरकडे टक लावून बघणाऱ्याचे पास सेफ्टी आरामात पळवतात.

आणि सर्वांत कठीण भाग, वाट न पाहता फेकणं. बाहेर वळणाऱ्या रिसीव्हरकडे २०-२५ यार्ड चेंडू पोचायला सुमारे एक सेकंद लागतो. तो वळून मोकळा दिसल्यावर फेकलात तर चेंडू पोचेपर्यंत बचावपटूही पोचलेला असतो. म्हणून तो वळण्याआधी, त्याची पाठ आपल्याकडे असताना, चेंडू रिकाम्या जागेवर सोडायचा. हे धाडस अंगात जन्मतः येत नाही. एकाच रिसीव्हरबरोबर एकच वळण शेकडो वेळा फेकल्यावरच येतं.

चेंडूतल्या हवेचा विषय निघतोच, म्हणून थोडक्यात. नियम १२.५ ते १३.५ पीएसआय दाबाचा आहे आणि प्रत्येक संघाचं आक्रमण स्वतःचे चेंडू वापरतं. नवं चामडं निसरडं असतं, म्हणून सामन्याआधी ते घासून मऊ करतात. १८ जानेवारी २०१५च्या कोल्ट्सविरुद्धच्या सामन्यात पेट्रियट्सचे चेंडू मर्यादेखाली आढळले आणि पुढे २०१६मध्ये ब्रेडीला चार सामने बाहेर बसावं लागलं. त्यात कुणी काय केलं यावर अजून वाद आहे. पण एक गोष्ट साध्या गणिताची: २१ अंश सेल्सिअसच्या खोलीत १२.५ पीएसआय भरलेला चेंडू ९ अंशांच्या थंडीत गेला तर नुसत्या गारव्याने त्यातला दाब १.१ पीएसआयच्या आसपास उतरतो. भाच्याने थंडीत सराव करताना चेंडू बाहेरच ठेवून, गार झाल्यावर हवा तपासावी.

मार खाणं हा या कामाचा भागच आहे. फेकताना हात वर आणि बरगड्या उघड्या असतात, नजर लांब असते आणि पुढचा पाय जमिनीत रुतलेला असतो. नेमक्या त्या क्षणी ११०-१३० किलोचा माणूस येऊन आदळतो. पायावर आला तर गुडघा जातो. ७ सप्टेंबर २००८ला चीफ्सविरुद्ध हंगामाच्या पहिल्याच सामन्यात ब्रेडीच्या डाव्या गुडघ्याचे दोन अस्थिबंध तुटले आणि वर्ष गेलं. पुढच्या वर्षी नियमच आला की जमिनीवर पडलेल्या बचावपटूने क्वार्टरबॅकच्या पायांवर झेप घ्यायची नाही. फेकणारा हात पुढे येत असताना कुणी तो धरला तर कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटतो. फॉर्टीनायनर्सचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी याचं जानेवारी २०२३मध्ये तेच झालं. त्याच सामन्यात त्याचा बदली गडीही जायबंदी झाला, संघाकडे धड फेकू शकणारा कुणी उरला नाही, आणि त्या उन्हाळ्यात लीगने तिसऱ्या आणीबाणीच्या क्वार्टरबॅकची सोय करून टाकली. डोक्याला मार बसल्याची शंका आली तर पाच टप्प्यांचा नियम आहे आणि शेवटी संघाबाहेरच्या तज्ज्ञ डॉक्टरची परवानगी लागते. यात घाई करायला लावणाऱ्या कुणाचंही ऐकू नये, प्रशिक्षकाचंसुद्धा.

खांद्याची दुखापत मात्र कारकिर्दीचा रस्ताच बदलते. ३१ डिसेंबर २००५ला क्वार्टरबॅक ड्रू ब्रीजच्या फेकण्याच्या खांद्यातली कूर्चा गोलाकार फाटली आणि स्नायूलाही इजा झाली. मायामी संघाच्या डॉक्टरांना त्याच्याबद्दल शंका वाटली, न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्स संघाने त्याला घेतलं आणि चार हंगामांनी सेंट्स सुपर बोल जिंकले. खांद्याच्या बाबतीत लोक हात मजबूत करायच्या मागे लागतात. प्रत्यक्षात चेंडू सुटल्यावर सुसाट निघालेल्या हाताला थांबवायचं काम खांद्यामागच्या लहान स्नायूंना करावं लागतं. ब्रेक कमजोर असेल तर इंजिन वाढवून उपयोग नाही. रबरी पट्ट्याने हात बाहेर फिरवण्याचे कंटाळवाणे व्यायाम म्हणूनच रोज करायचे.

आता ब्रेडीच्या कारकिर्दीकडे या सगळ्याच्या नजरेने बघा. जन्म ३ ऑगस्ट १९७७, सॅन मॅटेओ, कॅलिफोर्निया. शाळेत बेसबॉलमध्ये कॅचर होता आणि १९९५मध्ये मॉन्ट्रियल एक्सपोज या बेसबॉल संघाने त्याची निवडही केली होती. तो मिशिगन विद्यापीठात फुटबॉलला गेला तेव्हा क्वार्टरबॅकांच्या रांगेत सातवा होता. सरावात वाट्याला मोजके डाव येत. त्यातला प्रत्येक डाव सामन्यासारखा खेळायचा, हे तिथे त्याच्या अंगवळणी पडलं. २०००मध्ये एनएफएलच्या निवडीआधीच्या चाचणीत ४० यार्ड धावायला त्याला ५.२८ सेकंद लागले आणि उभी उडी २४.५ इंचच निघाली. संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टच्या सहाव्या फेरीत, एकूण १९९व्या क्रमांकावर, पेट्रियट्सने त्याला घेतलं. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. खेळाडू हेरणाऱ्या स्काउटांना दोष देणं सोपं आहे, पण ते जे मोजत होते ते त्यांनी बरोबर मोजलं होतं. बचाव वाचून चेंडू किती लवकर सुटतो याचं घड्याळ त्या चाचणीत नव्हतं, इतकंच.

पहिल्या वर्षी तो चौथ्या क्रमांकाचा गडी होता, संपूर्ण हंगामात तीन पास टाकले. २३ सप्टेंबर २००१ला जेट्सच्या मो लुईसने पेट्रियट्सचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो याला सीमारेषेजवळ इतक्या जोरात धडक दिली की त्याच्या छातीत आतून रक्तस्राव झाला. ब्लेडसोने त्याच वर्षी १० वर्षांचा १० कोटी ३० लाख डॉलरचा करार केला होता. ब्रेडी आत आला आणि जागा परत गेलीच नाही. मात्र पिट्सबर्गमधल्या उपांत्य लढतीत ब्रेडीचा घोटा दुखावला तेव्हा याच ब्लेडसोने येऊन टचडाऊन पास टाकला आणि संघाला सुपर बोलमध्ये नेलं. बदली क्वार्टरबॅकची किंमत सांगताना हे विसरू नये.

३ फेब्रुवारी २००२च्या त्या सुपर बोलमध्ये १७-१७ अशी बरोबरी होती. १ मिनिट २१ सेकंद उरलेले, टाइमआउट एकही नाही, चेंडू स्वतःच्या १७ यार्डांवर. समालोचक जॉन मॅडनचं मत होतं की घड्याळ संपवून जादा वेळेत जावं. ब्रेडीने काय केलं? रनिंग बॅक रेडमंडला तीन छोटे पास: ५, ८ आणि ११ यार्ड, तिसऱ्यात रेडमंड सीमेबाहेर गेला आणि घड्याळ थांबलं. मग बचावाने जास्त माणसं पाठवली तेव्हा चेंडू सरळ बाहेर. मग ट्रॉय ब्राऊनला २३, विगिन्सला ६. चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवलं आणि विनाटिएरीने ४८ यार्डांवरून किक मारली, २०-१७. या ५३ यार्डांत हवेत लांबवर उडालेला एकही चेंडू नाही. आणि तो बाहेर फेकलेला पास! मोजणीत तो चुकलेला पास म्हणून लिहिला जातो. तिथे तो सॅक झाला असता, म्हणजे चेंडूसकट पाडला गेला असता, तर टाइमआउट नसल्याने सामना बहुधा जादा वेळेतच गेला असता.

पासर रेटिंग नावाचा आकडा दाखवतात, त्याचं कोडंही इथे सोडवतो, कारण त्याच्या आधाराने घराघरांत वाद होतात. चार भाग असतात. झेललेल्या पासांचं प्रमाण वजा ०.३, गुणिले ५. प्रत्येक पासामागचे यार्ड वजा ३, गुणिले ०.२५. टचडाऊनचं प्रमाण गुणिले २०. आणि २.३७५मधून इंटरसेप्शनच्या (समोरच्यांनी पळवलेल्या पासांच्या) प्रमाणाच्या २५ पट वजा. प्रत्येक भाग शून्याखाली जात नाही, २.३७५च्या वर जात नाही. बेरजेला ६ने भागून १००ने गुणायचं, कमाल १५८.३. ५ फेब्रुवारी २०१७च्या सुपर बोलमध्ये २८-३ अशा पिछाडीवरून ३४-२८ असा जिंकताना ब्रेडीने ६२पैकी ४३ पास, ४६६ यार्ड, २ टचडाऊन, १ इंटरसेप्शन केलं. चार भाग येतात १.९६८, १.१२९, ०.६४५ आणि १.९७२. रेटिंग ९५.२. म्हणजे सुपर बोलच्या इतिहासातलं सर्वांत मोठं पुनरागमन या आकड्यात बऱ्यापैकी साधा खेळ दिसतं. शिवाय सॅक यात मोजलेच जात नाहीत. चेंडू धरून बसणाऱ्या क्वार्टरबॅकची सर्वांत मोठी खोड हा आकडा लपवतो.

पैशाचं. १९९४पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा आहे, २०२५मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटचा २०२४चा करार वर्षाला सरासरी ६ कोटींचा आहे. ५३ जणांच्या संघात एकटा एक पंचमांशाहून जास्त घेतो, तेव्हा अडवणारे लाइनमन स्वस्तातले घ्यावे लागतात आणि मार पुन्हा क्वार्टरबॅकच खातो. ब्रेडीने बरीच वर्षं बाजारभावापेक्षा कमीवर सही केली, त्यामागे हा हिशेब होता. बातम्यांत छापलेला करार पूर्ण मिळतोच असंही नाही. बोनस पाच वर्षांपर्यंत विभागून धरतात. ५ कोटींचा बोनस पाच वर्षांत १-१ कोटी. दोन वर्षांनी गड्याला काढलं तर उरलेले ३ कोटी संघाच्या मर्यादेत तसेच बसतात. एखाद्या महागड्या क्वार्टरबॅकला का काढत नाहीत, याचं उत्तर बहुतेकदा इथे असतं.

हंगामातला आठवडा साचेबद्ध असतो. रविवारी सामना. सोमवारी त्याची चित्रफीत आणि मालिश, बर्फ, उपचार. मंगळवार कागदोपत्री सुट्टीचा, पण क्वार्टरबॅक पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या फिती बघत बसतो. बुधवारी पहिल्या दोन डाऊनची आखणी, गुरुवारी तिसरा डाऊन, शुक्रवारी शेवटच्या २० यार्डांतला खेळ, शनिवारी चालत चालत उजळणी. २०२१पासून असे १७ सामने असतात.

ब्रेडी टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरची खात नाही, असं त्याच्या आचाऱ्याने सांगितलं आणि तेव्हापासून लोकांना तेच रहस्य वाटतं. स्नायू लवचिक ठेवण्याच्या त्याच्या पद्धतीबद्दलही मोठे दावे झाले, त्यामागचा शास्त्रीय पुरावा तोकडा आहे. वेळेवर झोप, मद्याला फाटा, वर्षभर तीच शिस्त, याचा फायदा नक्की झाला असणार. पण वांगी सोडून कुणी ४५व्या वर्षी एनएफएल खेळत नाही. त्याने पस्तिशीनंतरही फेकण्याची पद्धत घासून काढली, पावलं छोटी केली, आणि अंगावर येणारा मार कमी केला.

भाच्यासाठी काही नेमक्या गोष्टी. चेंडू वयाप्रमाणे: ९ ते १२ वर्षांना ज्युनियर, १२ ते १४ वर्षांना यूथ, पूर्ण मापाचा त्यानंतर. हात लहान असताना मोठा चेंडू दिला की कोपर खाली पडतं आणि ती सवय पुढे मोडता येत नाही. या वयात कोपराच्या आतल्या बाजूला हाडाची वाढीची जागा मऊ असते. तिथे दुखलं की त्या दिवशी फेकणं बंद, आणि दुखणं राहिलं तर हाडांच्या डॉक्टरकडे. बेसबॉलची गोलंदाजी आणि पासांचा जोरदार सराव एकाच दिवशी नको. दुसरा खेळ जरूर खेळू द्या. फ्लॅग फुटबॉल मिळत असेल तर उत्तम, पाच-पाच जणांचा, अंगावर न आदळता वाचन शिकवणारा खेळ आहे, आणि लॉस एंजेलिस २०२८च्या ऑलिम्पिकमध्ये तो क्रिकेटबरोबरच असणार आहे. रोज दहा मिनिटं सामन्याची फीत थांबवून त्याला विचारा: सेफ्टी किती, माणसाला माणूस की जागा, चेंडू कुठे जाणार? मग फीत पुढे सरकवा. तुम्ही भारतात बसून सोबत बघणार असाल तर तिकडचा दुपारी १चा सामना इथे रात्री साडेदहाला, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं बदलली की साडेअकराला.

आणि अभ्यास. पहिल्या श्रेणीच्या कॉलेजात खेळायला नववी ते बारावीत १६ ठरावीक विषय आणि त्यांत किमान २.३ सरासरी (जीपीए) लागते. नववीत घसरलेली सरासरी बारावीत सावरत नाही. शाळा सुटल्यावर तीन वर्षं होईपर्यंत एनएफएलचं दार बंदच असतं, त्यामुळे कॉलेज टाळून जाणारा रस्ता नाही.

त्याला ब्रेडीचा २०२२चा, शेवटचा हंगाम दाखवा. वय ४५. ७३३ पास टाकले, त्यातले ४९० झेलले गेले, दोन्ही आकडे विक्रमी, आणि सॅक फक्त २२. इतक्या लवकर चेंडू सोडणारं त्या वर्षी लीगमध्ये क्वचितच कुणी होतं. तरीही त्याच्या तेव्हाच्या संघाने, बकनिअर्सने, ८ सामने जिंकले, ९ हरले, कारण धावून यार्ड मिळवण्यात त्यांचा संघ ३२ संघांत शेवटचा होता. पळत येणार नाहीत हे माहीत असल्यावर बचाव मागे सरकत नाही, छोट्या पासांच्या वाटेवरच दबा धरून बसतो. १६ जानेवारी २०२३ला काउबॉइजविरुद्ध त्याने ६६ पास टाकले, ३५ पोचले, आणि संघ १४-३१ असा हरला. पंधरा दिवसांनी, १ फेब्रुवारीला, त्याने खेळ सोडला. त्या ६६ पासांची फीत सरावाला फार उपयोगी आहे. प्रत्येक पासाआधी थांबवा आणि भाच्याला विचारा, चेंडू लवकर सुटला तरी यार्ड का मिळाले नाहीत.